बदलीचा रकाना

आक्कांनी कोणत्याही कामासमोर एकट्या माणसाचे नाव कधी लिहिले नाही. काम, माणूस, वेळ आणि बदली असे चार रकाने त्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर पट्टीने आखत आणि चौथा रकाना भरल्याखेरीज पेन्सिल खाली ठेवत नसत. कारखान्यात रजेवर गेलेल्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली कामगार. पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभा जन्म हजेरी घेऊन त्या निवृत्त झाल्या होत्या आणि माणसाच्या शब्दावर त्यांचा जितका विश्वास होता तितकाच त्याच्या प्रकृतीवर, पाहुण्यांवर आणि पंक्चर होणाऱ्या चाकावर अविश्वास होता. "माणूस येणार हा नुसता अंदाज असतो, साहेब," त्या म्हणत. "बदली लिहिला की मग त्याचं नियोजन होतं."

आमची संस्था लहान आहे. चितेगावात कंपन्यांमध्ये कंत्राटी कामावर जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी एक पाळणाघर आणि शहरात औरंगपुऱ्यात वह्यांच्या दुकानावर एका खोलीचे कार्यालय, एवढाच तिचा पसारा. मी तिचा एक विश्वस्त. न्यायालयातल्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कलम, पोटकलम आणि आवक-जावक क्रमांक यांखेरीज मला दुसरी भाषा येत नाही. महानगरपालिका, वीज कंपनी, बँक आणि माझी स्वतःची संस्था, या सर्वांना मी पत्रे लिहीत आलो आहे. बहुतेकांनी उत्तरे दिली नाहीत. आक्का देत. त्या आमच्या कार्यवाह होत्या, वयाने माझ्याहून लहान. पण चितेगावातल्या बाया त्यांना आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. माझ्या चार पानी पत्राला त्यांचे चार ओळींचे उत्तर येई आणि त्यात मुद्दा क्रमांक एक ते चार यांची, संतापावी इतक्या शांतपणे, वासलात लावलेली असे.

सभेतले त्यांचे वागणे पाहण्याजोगे होते. आपल्याकडच्या संस्थांच्या सभांत जे ठराव होतात त्यांना कर्ता नसतो. 'पाळणाघराची दुरुस्ती व्हावी', 'पालकांशी संपर्क वाढवण्यात यावा', 'याबाबत योग्य ती कार्यवाही केली जाईल'. ही वाक्ये मी आयुष्यभर शासकीय कागदांवर वाचली आहेत आणि त्यांच्या जोरावर या देशात किती खड्डे बुजायचे राहिले आहेत हेही मला ठाऊक आहे. कुणी असे वाक्य उच्चारले की आक्का उभ्या राहत. पेन्सिल हातात धरून नुसत्या उभ्या. उपाध्यक्ष, पैठणकडचे बागायतदार, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एकदा वैतागून म्हणाले, "आक्का, बसा की आता. असं उभं राहिलं की मास्तरीण आल्यागत वाटतं."

"नाव द्या, दादा, बसते."

"अहो करू की सगळे मिळून."

"सगळे मिळून म्हणजे कुणीच नाय. आमच्या कारखान्यात सगळे मिळून बंब तपासायचे. आग लागली त्या दिवशी बंबात पाणीच नव्हतं."

दादांनी स्वतःचे नाव दिले. आक्का बसल्या नाहीत. "आणि बदली?"

सभेची तारीख ठरवण्याची त्यांची पद्धत ऐकून बाहेरगावचा माणूस हसेल. इथला हसणार नाही. आमच्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे प्रत्येक वसाहतीचे निराळे आणि तो पाळीचा दिवसही सरकत राहतो. पाणी येणार त्या दिवशी घरातला कर्ता माणूस हलत नाही; टाकी, ड्रम, मोटर यांपुढे विश्वस्तपद कोण विचारतो? आक्कांच्या वहीत सातही विश्वस्तांच्या भागांतल्या पाळ्यांचा तक्ता असे आणि दर आठवड्याला फोन करून त्या तो दुरुस्त करीत. गणपूर्ती होईना म्हणून रडणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या. गणपूर्तीचा संबंध नळाशी जोडणारी कार्यवाह मात्र एकच पाहिली.

एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाला आम्हा दोघांना जावे लागले. हॉटेलचा थंडगार हॉल, पडद्यावर रंगीत बाण, आणि संस्थांना व्यवस्थापन शिकवण्यासाठी आलेले एक तरुण, अतिशय आत्मविश्वासू गृहस्थ. त्यांनी एकेकाला उभे करून विचारले, "पाच वर्षांनंतर तुम्ही तुमच्या संस्थेला कुठे पाहता?"

"चितेगावात," आक्का म्हणाल्या.

हॉल हसला. गृहस्थांनी समजूत घातली की प्रश्न स्वप्नाचा आहे, पत्त्याचा नव्हे. आक्कांनी नम्रपणे सांगितले, "स्वप्न हाय ना, साहेब. पण पाच वर्षांचा आराखडा आमच्याकडं नाय. उद्या सकाळी सात वाजेपर्यंतचा पक्का हाय. सातला पहिल्या पाळीच्या बाया लेकरं सोडतात. तेव्हा दार उघडं पाहिजे. रोज तेवढं झालं की पाच वर्षं होतात." परतताना रिक्षात मात्र त्या म्हणाल्या की त्या पोराच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या होत्या, आणि त्या दोन्ही त्यांनी पुढच्याच आठवड्यात अमलात आणल्या. कोणत्या, ते मी विसरलो. मी त्या हॉटेलच्या चहाविषयी तक्रारपत्र लिहिण्यात गुंतलो होतो.

दर महिन्याला एक दिवस त्या कुणालाही न सांगता गैरहजर राहत. याला त्या तालीम म्हणत. आपल्याशिवाय पाळणाघर चालते की नाही हे पाहण्याची तालीम. अशाच एका दिवशी सह्या घ्यायला मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्या मटार सोलत होत्या. फोन पालथा घालून समोर ठेवलेला. दाणे सालांच्या ढिगात आणि साले पातेल्यात पडत आहेत याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

"मग एक फोन करून विचारा ना," मी म्हणालो.

"विचारलं की तालीम मोडली." पालथ्या फोनकडे बघत त्या म्हणाल्या, "लई अवघड असतं, साहेब, आपली गरज पडंना झालीय का ते बघणं."

मी बऱ्याच संस्थापकांना जवळून पाहिले आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाची अशी खासगी समजूत असते की आपण गेल्यावर संस्थेने निदान थोडेसे तरी कोसळावे. कार्यकर्ता गेला की शोकप्रस्ताव होतो, शाल अंगावर घालून घ्यायला तो नसतो म्हणून ती फोटोला घालतात. तो जिवंत असताना त्याच्या कामाला दुसरा माणूस देण्याचा ठराव मी एकाही इतिवृत्तात वाचलेला नाही. याविषयी मी निरनिराळ्या संस्थांना पत्रे लिहिली. शाल-श्रीफळाचे निमंत्रण तेवढे उलट टपाली आले.

एवढी ही शिस्तीची बाई, पण एका जागी तिचा हात अडला. आमचे अध्यक्ष डॉक्टर होते. त्यांनीच आक्कांना कार्यवाहपदी आणले. ते वारले. कायदा असा की विश्वस्त मृत झाला की सभा घ्यावी, नवा निवडावा आणि बदल अर्ज दाखल करून न्यासांच्या नोंदवहीत तो नोंदवून घ्यावा. आमच्याकडे काय झाले? दादा म्हणाले, "डॉक्टरांचं नाव कापायला माझा हात उचलत नाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांची खुर्ची रिकामी ठेवली जाऊ लागली आणि दर सभेच्या हजेरीत त्यांच्या नावापुढे 'रजेवर' असे लिहिले जाऊ लागले. आक्कांच्या हस्ताक्षरात. मी उठून ओरडलो की मृत माणसाची रजा मंजूर करणारी ही भारतातली एकमेव संस्था असेल. आक्का खाली बघून म्हणाल्या, "या वर्षी राहू द्या, साहेब. पुढल्या वर्षी करू." करू! कोण करणार, हे त्यांना त्या दिवशी कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. मी फक्त पत्र लिहिले.

असे दोन वर्षे चालले. मग चितेगावच्या जागेचा करार संपत आला. पाळणाघर एका सहकारी संस्थेच्या जुन्या गोदामात भरत असे. त्यांच्या नव्या सचिवाने नवा करार करण्यापूर्वी आमच्या विद्यमान विश्वस्तांच्या नोंदीची प्रत मागितली. त्या नोंदीत दोन वर्षांपूर्वी गेलेले डॉक्टर अध्यक्ष म्हणून अजून विराजमान होते. आक्का खडबडून जाग्या झाल्या. त्यांनी रविवारी सभा बोलावली, नोटिसा स्वतः वाटल्या. तेवढ्यात तीन वसाहतींच्या पाण्याची पाळी सरकून रविवारवर आली. आक्कांनी तक्ता पाहिला, सभा शनिवारवर घेतली आणि सर्वांना फोनवर कळवले. सहापैकी पाच जण आले. घटनेनुसार पाचच हवे होते. नवे अध्यक्ष म्हणून दादा निवडून आले, बदल अर्ज तयार झाला.

आमच्या घटनेत सभेपूर्वी पूर्ण चौदा दिवसांची लेखी नोटीस सांगितली आहे. सभा एक दिवस अलीकडे आल्यामुळे तेरा भरत होते. हे कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले. मी सभेतच विरोध नोंदवला आणि नंतर न्यासांच्या नोंदणी कार्यालयात चार पानी हरकत दाखल केली. मला कुणाचे वाईट करायचे नव्हते. दोन वर्षे मेलेल्या माणसाला रजा दिल्यानंतर निदान त्याला निरोप तरी नियमाने द्यावा, इतकाच माझा आग्रह होता. कायद्याने मी बरोबर होतो. आजही आहे. हरकत आली की अर्ज विवादित होतो, विवादित झाला की सुनावणी लागते, आणि सुनावणीला तारखा असतात.

दुसरी सभा नीट नोटीस देऊन घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पण त्याच महिन्यात आमचे एक विश्वस्त अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले आणि दुसरे कायमचे मुलाकडे परदेशी गेले. उरलो आम्ही चार. पाच पुन्हा जमणे अशक्य झाले. पाळणाघरात भात शिजवणाऱ्या बाईपासून दाराची किल्ली ठेवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आक्कांनी बदली नेमला होता. विश्वस्ताला मात्र कायदा बदली देत नाही. आता माझी हरकत मागे घेणे हा एकच मार्ग होता आणि तो मार्ग माझ्या घरावरून जात होता.

करार संपला. गोदाम रिकामे करण्याचे पत्र आले. आक्का ते घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांना माझी हरकत पुन्हा मुद्देसूद समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुमचं पत्र बरोबर हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "तारीख मीच बदलली, चूक माझी. फक्त लेकरं कुठं बसतील ते त्या पत्रात नाय." आणि 'जय भीम' म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

पुढे जे झाले ते मला बऱ्याच दिवसांनी कळले. गावातली चार घरे त्यांनी पाहिली. ओसरी मोठी, पाण्याची सोय आणि घरात दिवसभर असणारी एक पोक्त बाई, एवढ्या तीन अटींवर. एक घर बौद्ध वस्तीतले, एक मुसलमानाचे, दोन शेतकऱ्यांची. चाळीस लेकरे चार ओसऱ्यांवर वाटली. प्रत्येक ओसरीला दोन बाया, प्रत्येकीला बदली, पाचवे घर राखीव. गावातल्या शहाण्यांचा सल्ला होता की ज्या गल्लीची लेकरे त्याच गल्लीत ठेवा, कटकट नको. आक्कांनी लेकरे आईच्या कामाच्या पाळीप्रमाणे वाटली. कुणी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "गल्लीनं वाटणं मलाबी सोपं होतं. पण मग एका पाळणाघराच्या चार जाती झाल्या असत्या." दोन आया आपापली लेकरे घेऊन परत गेल्या. पंधरवड्याने त्या पुन्हा आल्या. आक्कांनी त्यांना एका शब्दाने विचारले नाही. यादीत त्यांच्या जागा त्यांनी राखूनच ठेवल्या होत्या.

मी तिथे गेलो तो चौदा महिन्यांनी. आक्कांनीच कसल्याशा सह्यांचे निमित्त काढून नेले. पायऱ्या चढताना त्या आता मध्ये थांबत होत्या, हे मी तेव्हा पाहिले. सुंदरबाई नावाच्या शेतकरी बाईची ओसरी होती. दहा लेकरे ओळीने भात खात होती. आमच्या शहराचे नाव बदलल्यामुळे बाद झालेल्या संस्थेच्या जुन्या लेटरहेडांच्या पाठीवर लेकरांनी काढलेली चित्रे भिंतीला चिकटवली होती. सुंदरबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि आपण होऊन सांगू लागल्या.

"गोदाम लई चांगलं होतं, साहेब. वारं खेळायचं. पण तो कोन वकील हाय म्हणं शहरात, त्यानं एका दिवसावरनं खोडा घातला. एका दिवसावरनं! आक्का नाव सांगत नायत त्याचं. मला सांगितलं असतं तर मी गेले असते त्याच्या दारात."

"सुंदरबाई," आक्का म्हणाल्या, "साहेबांना चहा टाका. साखर कमी."

तो चहा मी प्यालो. आयुष्यात अनेक कडवट गोष्टी प्यालो आहे, पण त्या सर्व मी दुसऱ्यांच्या नावे लिहून मोकळा झालो होतो.

परतीच्या बसमध्ये मी विचारले, "नाव का नाही सांगितले?"

"नाव सांगून गोदाम मिळणार होतं का?"

"आणि हरकत मागे घ्या असेही तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत."

आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "हरकत खरी होती. मी म्हणलं म्हणून तुम्ही मागं घेतली असती तर पुढल्या वेळी माझी चूक झाली की सांगणार कोण? दादा सांगणार व्हय? संस्थेत एक तरी भांडखोर माणूस लागतो, साहेब. त्याला बदली मिळत नाय, एवढीच पंचाईत." मग दमून त्यांनी डोळे मिटले आणि स्टँड येईपर्यंत उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हरकत मागे घेतली. माझ्या हातून गेलेले ते सर्वांत लहान पत्र असावे, दीड ओळीचे. कार्यालयात जाऊन आक्कांना सांगितले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "पोच? आवक क्रमांक घेतला का?" पोच त्यांनी फाईलला लावली आणि फाईलवर अनुक्रमणिका दुरुस्त केली. आभार मानले नाहीत, सुटकेचा निःश्वासही टाकला नाही. पुढे बदल नोंदला गेला. नोंदीची प्रत हातात पडली. ती घेऊन आम्ही गोदामाकडे गेलो तर तिथे दूध संकलन केंद्र सुरू झाले होते. कुणाचा दोष नव्हता. त्यांनी वर्षाहून जास्त वाट कशासाठी पाहावी? आक्कांनी दाराबाहेरून आत एकवार नजर टाकली. "वारं खरंच खेळतं इथं," एवढेच म्हणाल्या.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्या गेल्या. हृदय. दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झाले. कारखान्यातले जुने कामगार आले होते, दादा आले होते आणि एका भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. चितेगावच्या बाया दोन टेम्पो करून आल्या. मी एका बाजूला उभा होतो आणि माझ्या डोक्यात, सवयीने, पुढची कलमे फिरत होती. कार्यवाहपद रिक्त. सभा. नोटीस, पूर्ण चौदा दिवसांची. गणपूर्ती तर आता होणारच नव्हती. तोपर्यंत पाळणाघर कुणाच्या सहीने चालणार? कुणाच्याच नाही. उद्या सोमवार होता.

अंत्ययात्रा निघून गल्ली थोडी मोकळी झाली तेव्हा सुंदरबाई माझ्यापाशी आल्या. तो वकील कोण हे त्यांना एव्हाना कुणीतरी सांगितले असावे. त्यांची नजर तसे सांगत होती. पदर नीट करून त्यांनी विचारले, "साहेब, उद्या?"

मला समजले. ठराव नव्हता, अधिकार नव्हता, माझ्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता. असे तोंडी आदेश देणाऱ्या माणसांविरुद्ध मी हयातभर पत्रे लिहिली आहेत.

"आणा," मी म्हणालो. "लेकरे आणा. सातला."

सुंदरबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, क्षमाही नव्हती; दिवसभराचा थकवा मात्र होता.

"ते तर आणणारच हाव," त्या म्हणाल्या. "टेम्पोत येतानाच ठरलं आमचं. कागदाला काय लागत असंल तर तेवढं तुम्ही बघा, म्हणून इचारलं."